सडा, खाडी, पुन्हा सडा

(मुरूड ते गणपतीपुळे. जानेवारी. एकटा.)

१
पहाटे सव्वापाच. मुरूड. दापोलीचं, जंजिऱ्याचं नव्हे. हा खुलासा काल फोनवर चार जणांना केला.

२
काल रात्री घरमालकांना विचारलं, भरती कधी असते?
"तिथी कुठली उद्या?"
"बघावं लागेल."
"वद्य अष्टमी. आठाची पाऊणपट किती? सहा. सहाला भरती. म्हणजे बाराला सुकती."
मोबाइलमध्ये भरतीचं ॲप आहे, हे त्यांना सांगितलं नाही. नंतर खोलीत जाऊन ताडून पाहिलं. फरक वीस मिनिटांचा.

३
अष्टमीचा अर्धा चंद्र बरोबर डोक्यावर. सायकलच्या दिव्याहून बरा.
पूर्वी रात्री दिव्याशिवाय सायकल दिसली की पोलीस चाकातली हवा सोडत. सायकलला नगरपालिकेचा कर असे आणि तो भरल्याचा बिल्लाही. वडिलांनी असे बिल्ले डब्यात जमवले होते. सायकल गेली, डबा आहे.

४
मुरूड हे धोंडो केशव कर्व्यांचं गाव. शाळकरी वयात एका परीक्षेसाठी ते इथून साताऱ्याला चालत गेले. भर पावसात, सह्याद्री चढून, शंभरहून अधिक मैल. तिथे साहेबांनी पाहिलं, वय लहान दिसतं म्हणाले, आणि परीक्षेला बसू दिलं नाही.

५
माझ्या सायकलला गिअर चोवीस. मागे दोन पिशव्या, पुढे एक. पाण्याच्या बाटल्या तीन.

६
कर्दे, लाडघर, बुरोंडी. अंधारात गावं वासावरून ओळखायची. सुकट. शेण. आंब्याचा मोहोर. ओल्या गोवऱ्यांचा धूर, म्हणजे कुणीतरी पाणी तापवतंय. पुन्हा मोहोर.

७
वस्तीची एसटी मागून आली, पुढे गेली. थांब्यावर थांबली, मी पुढे गेलो. असं तीनदा. चौथ्या वेळी ड्रायव्हरने खिडकीतून हात काढून दाखवला. दिवसभरात झालेली ही पहिली ओळख.

८
बुरोंडीच्या पुढे एका वाडीत रस्त्यालगतची घरं मोजली. बारा. कुलुपं नऊ. एका अंगणात मात्र तुळशीपुढे दिवा, आणि आजी पायरीवर बसलेल्या. नऊ घरांच्या किल्ल्या त्यांच्याकडेच असाव्यात, असं त्यांच्या बसण्यावरून वाटलं.

९
सागरी महामार्गाबद्दल एक गोष्ट नकाशा सांगत नाही: त्यावरून सागर फारसा दिसत नाही.
कोकणचा किनारा म्हणजे जांभ्याचा एक उंच सडा, आणि नद्यांनी ठिकठिकाणी त्याचे पाडलेले तुकडे. गाव खाली, खाडीच्या किंवा पुळणीच्या काठी. रस्ता गावातून वर सड्यावर चढतो, कातळावरून चार-पाच किलोमीटर जातो आणि पुढच्या गावासाठी पुन्हा समुद्रपातळीला उतरतो. मोटारवाल्याला याचा पत्ता लागत नाही. सायकलवाला दिवसभरात दीड हजार मीटर चढतो आणि संध्याकाळी होता त्याच उंचीवर असतो. शून्य.

१०
हिशेब. मी, सायकल आणि सामान मिळून ९८ किलो. शंभर मीटर चढायला शरीराला साधारण शंभर किलोकॅलरी लागतात. एका मोठ्या केळ्यात तेवढ्या असतात.
एक सडा, एक केळं.

११
कोळथरे. दुकान नुकतंच उघडलेलं. केळी आहेत का?
"किती पायजेत?"
सडे मोजले. "आठ."

१२
दाभोळ, आठ वाजता. धक्क्याजवळची मशीद आणि तिच्या घुमटाला लागलेलं कोवळं ऊन. एके काळी हे बंदर अरबस्तानापर्यंत माहीत होतं. १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीजांच्या अल्मेदाने ते जाळलं.
धक्क्यावर आता चहाची टपरी, जाळी विणणारे दोघे आणि बोटीची वाट पाहणारा चिऱ्यांचा ट्रक.

१३
दाभोळ–धोपावे फेरीबोट २००३ पासून. त्याआधी गाडी पलीकडे न्यायची तर चिपळूणला वळसा. लोक तिला जंगलजेट्टी म्हणतात. जंगल कुठलं, ते कुणी सांगितलं नाही.

१४
बोटीवर सायकल चिऱ्यांच्या ट्रकच्या आणि एका पांढऱ्या मोटारीच्या मध्ये लावली. मोटारीतल्या बाईंनी काच खाली केली.
"दादा, हँडल लागणार नाही ना?"
ट्रकवाल्याने काही विचारलं नाही.

१५
वाशिष्ठीचं पात्र इथे इतकं रुंद की पलीकडची माणसं माणसं वाटत नाहीत. पाणी उतरायला लागलंय. बोटीची फळी धक्क्याला टेकते तिथे ओल्या शेवाळाची एक पट्टी उघडी पडली होती. तिच्यावरून सायकल ढकलताना माझा पाय घसरला. चिऱ्यांच्या ट्रकचा क्लीनर न बोलता खाली उतरला, मागून कॅरिअर धरलं, वर पोचवलं आणि पुन्हा ट्रकमध्ये जाऊन बसला.

१६
दाभोळ वीज प्रकल्प दाभोळला नाही. तो खाडीच्या या बाजूला, गुहागर तालुक्यात.
मे २००१ मध्ये बंद पडला. २ डिसेंबर २००१ ला अमेरिकेत एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली. २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी झाली.
धोपाव्याच्या चढावर रस्ता विचारला. "सरळ जावा. एन्रॉनपासून पुढं."

१७
चढ. सर्वांत हलका गिअर, ताशी पाच किलोमीटर. शाळेच्या दोन मुली सायकली हातात धरून चालत होत्या. त्यांच्या चालण्याचा आणि माझ्या चालवण्याचा वेग तंतोतंत सारखा, त्यामुळे गप्पा मारणं भागच पडलं.
"काका, कुठं चाललात?"
"गणपतीपुळ्याला."
"नवस आहे?"
"नाही."
"मग?"
थोडा वेळ कुणीच बोललं नाही.
"काका, हा चढ कोणीच चालवत नाही. उतरा ना."
उतरलो.

१८
दिवसभरात विचारलेले प्रश्न, संध्याकाळपर्यंतची मोजणी:
केवढ्याची? – नऊ.
किती गिअर? – सात.
पंक्चर झाली तर? – सहा.
घरचे काही म्हणत नाहीत? – चार. (चारही बायका.)
पैज आहे? – एक.
कोण पैसे देतं? – एक. हा प्रश्न विचारणाऱ्याचा चेहरा आशाळभूत होता. स्वतः निघायच्या तयारीत असावा.

१९
गुहागर. खानावळीत घावणे, नारळाची चटणी, दोन चहा. शेजारच्या बाकावर मुंबईचं एक कुटुंब, व्याडेश्वराला आलेलं. कुलदैवत. आजोबा नातवाला सांगत होते, आपण मूळचे इथले.
नातू माझ्या हेल्मेटकडे पाहत होता.

२०
गुहागरची पुळण लांबच लांब, मागे सुरूची झाडं. एका कोपऱ्यात जाळीचं कुंपण. कासवांची अंडी. ऑलिव्ह रिडलेंचा हंगाम.
२०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर पट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत याच पुळणीवर अंडी घालायला आली. अंतर सुमारे ३५०० किलोमीटर. पट्टीवरचा क्रमांक ०३२३३.
माझे आतापर्यंत ५४ झाले होते.

२१
पालशेतच्या अलीकडे मागचं चाक बसलं. काटा नव्हे. दाढीच्या ब्लेडचा तुकडा.
हातपंप होता, पण पॅचचं सोल्युशन वाळून गेलेलं. नळी दाबली, आतून हवासुद्धा आली नाही. दीड किलोमीटर ढकलत एक दुकान गाठलं. तिथे मोटारसायकलींची रांग. मुलगा पंचविशीचा. ट्यूब काढली, पाण्याच्या घमेल्यात फिरवली. बुडबुडे एका जागी नव्हते, दोन जागी. दोन्ही ठिकाणी खुणेला माचिसची काडी टोचली. काम सफाईचं. मग हवा भरायची वेळ आली आणि घोडं अडलं. माझ्या ट्यूबचा वॉल्व्ह बारीक, फ्रेंच पद्धतीचा. त्याच्या कॉम्प्रेसरचं तोंड मोठं. तो वॉल्व्ह उलटसुलट पाहत राहिला.
"हा असा का?"
मला उत्तर येत नव्हतं. मी माझा हातपंप काढला. शेवटी दोघांनी आलटून पालटून दोनशे दट्टे मारले.
पैसे किती? त्याला रेट माहीत नव्हता. मोटारसायकलचा माहीत, ट्यूबलेसचा माहीत, सायकलचा नाही. सायकल शेवटची कधी आली होती तेच आठवेना. त्याने वडिलांना फोन लावला. हे दुकान आधी वडिलांचं, आणि तेव्हा ते सायकलचंच. भाड्याच्या बारा सायकली होत्या, मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर. पाच नंबरचा ब्रेक लागत नसे, म्हणून तो पोरांना द्यायचा नाही, असा नियम. फोन स्पीकरवर होता.
"बाबा, सायकलच्या पंक्चरचे किती घ्यायचे?"
पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग:
"आठ आणे."
आम्ही पन्नासवर तडजोड केली. दोन पंक्चरं होती.

२२
जॉन बॉइड डनलॉप हा जनावरांचा डॉक्टर. १८८८ मध्ये बेलफास्टला त्याने मुलाच्या तीनचाकीला हवेचा टायर बसवला. तोवर सायकली भरीव रबरावर चालत. पंक्चर नव्हतं. पाठ होती.

२३
भारतातला एक मोठा सायकल कारखाना, ॲटलसचा साहिबाबादचा, ३ जून २०२० ला बंद झाला. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता.

२४
वारा. सकाळी मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे. ऊन चढलं की पडतो. अकरानंतर खारा वारा सुटतो, आणि या दिवसांत तो वायव्येकडून येतो. म्हणजे दक्षिणेकडे जाणाऱ्याच्या पाठीत. किनाऱ्याने जाणारे शहाणे सायकलवाले उत्तरेकडून दक्षिणेला जातात ते यासाठी.
वेळणेश्वराच्या अलीकडे एक जण उलटा येताना दिसला. मान खाली, तोंड उघडं. मी हात केला. त्याने हँडलवरचा हात सोडला नाही.

२५
१९२३ मध्ये मुंबईतले सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यातले तिघे, हकीम, बापासोला आणि भुमगरा, १९२८ मध्ये ती पुरी करून परतले. बाकीच्या तिघांनी ती अर्ध्यावर का सोडली असेल याचे तीन-चार अंदाज मी वेळणेश्वर ते हेदवी एवढ्या अंतरात करू शकलो. सगळे माझ्या स्वतःच्या अनुभवाचे.

२६
हेदवी. दशभुज गणेशाला खालूनच नमस्कार. वर चढायचं आणखी एक केळं शिल्लक नव्हतं.

२७
हेदवीची बामणघळ: किनाऱ्याच्या खडकातली एक अरुंद चीर. भरतीच्या लाटा तीत घुसतात आणि पाणी फवाऱ्यासारखं उंच उडतं. फोटोत पाहिलेलं.
पोचलो पाऊण वाजता. चीर होती. आत खेकडे.
मुरूडच्या मालकांनी सांगितलंच होतं. बाराला सुकती. त्यातून अष्टमी म्हणजे भांग. भरती असती तरी जोर बेताचाच. बामणघळीला पुनवेच्या नाहीतर अवसेच्या आसपास यावं, भर दुपारी. पंचांग न पाहता आलेली आणखी तीन कुटुंबं खडकावर उभी होती. त्यांतल्या एका बापाने मुलाला सांगितलं, "आत्ता उडेल हां." वीस मिनिटं तो सांगत होता.

२८
रस्त्याच्या कडेला पाटी: 'समोर तीव्र उतार. वाहने सावकाश हाका.'
हाका हा शब्द फक्त पाट्यांवर उरलाय. आणि बैलांवर.

२९
उतारावर ताशी ५१. डोळ्यांतून पाणी. जे चढायला पस्तीस मिनिटं लागली ते संपायला चार. मध्ये एका म्हशीने ठरवलं की रस्ता आत्ताच ओलांडायचा. दोन्ही ब्रेकांचा जो आवाज झाला तो ऐकून ती थांबली. रस्त्याच्या बरोबर मध्ये.

३०
तवसाळ, सव्वादोन. बोट नुकतीच सुटलेली. धक्क्यावर सावली एकच, तिकिटाच्या खोपटाची, आणि तीत आधीच एक कुत्रा, एक पोस्टमन आणि एक वऱ्हाडी मंडळी. नवरामुलगा फेटा काढून मांडीवर घेऊन बसलेला. मुहूर्त सकाळचा होता, आता घरी चालले होते. नवरीने माझ्या पायांकडे पाहिलं. गुडघ्यापर्यंत तांबडी माती. मग स्वतःच्या मेंदीकडे पाहिलं.
मला पेढा मिळाला. पोस्टमनला दोन. तो ओळखीचा.

३१
रेवस ते रेड्डी हा किनारी रस्ता. त्याची कल्पना अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हाची. ते मुख्यमंत्री होते १९८० ते १९८२.
मी दाभोळ आणि जयगड दोन्ही खाड्या बोटीने ओलांडल्या. सायकलवाल्यांचं मत विचाराल तर पूल सावकाश होऊ द्यात. बोटीवर बसायला मिळतं.

३२
जयगड. किल्ला, दीपगृह, बंदर, १२०० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र. त्यातला किल्ला सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत कमी आवाजाचा.

३३
इथून मालगुंडपर्यंत ट्रक. रस्ता रुंद, कडा काळी. ट्रकवाले एसटीवाल्यांइतके बोलके नाहीत, पण जागा सोडतात. मोटारी सोडत नाहीत. दिवसभराचं निरीक्षण: वाहन जितकं मोठं तितकं ते सायकलपासून लांबून जातं. अपवाद, पर्यटकांच्या मिनीबस.

३४
'मालगुंड ३ कि.मी.' दगड वाचतोय तोच मागून ट्रकने कर्णा फुंकला. कान दोन मिनिटं बंद.

३५
केशवसुत जन्मले मालगुंडला, १८६६ मध्ये. 'तुतारी' १८९३ ची.

३६
त्यांचं घर आणि शेजारचं स्मारक. चपला काढून आत. सारवलेली जमीन पायाला इतकी गार लागली की कवितांचे फलक वाचायचं सोडून मी पाचेक मिनिटं नुसता उभा राहिलो. रखवालदाराला वाटलं, वाचतोय. त्याने पंखा लावला.
सहलीला आलेल्या शाळेतल्या एका मुलाने बाईंना विचारलं, "बाई, यांची सायकल होती?"
बाई म्हणाल्या, "लायनीत उभा राहा."
प्रश्न वाईट नव्हता. केशवसुत १९०५ मध्ये गेले.

३७
डावा गुडघा चढाला दुखतो. उजवा उताराला. सपाट रस्ता असा आज मिळालाच नाही, त्यामुळे त्यावर कुठला दुखतो ते कळलं नाही.

३८
गणपतीपुळे, सव्वापाच. मीटरवर १०४.

३९
पहिल्या लॉजवर खोली होती. पण सायकल आत घ्यायची नाही, फरशीला डाग पडतात.
"मग कुठे ठेवू?"
"बाहेर. कोण नेतंय?"
केवढ्याची, हे त्याने विचारलं नव्हतं. दुसऱ्या लॉजवर मावशींनी विचारलं आणि आकडा ऐकून सायकल स्वतः जिन्यावरून वर नेली. मी पिशव्या घेऊन मागे.

४०
पुळ्याला डोंगर हाच देव मानतात, म्हणून प्रदक्षिणा देवळाला नव्हे, डोंगराला. साधारण एक किलोमीटरची. घोटीव वाट, डावीकडून सुरू.
पायी. संपूर्ण दिवसात पायी चाललेलं हे सर्वांत लांब अंतर, पालशेतचं पंक्चर सोडून. चप्पल बाहेर काढून ठेवली होती, परत येईपर्यंत तिच्यावर एक मांजर झोपलेलं. शेजारच्या दुकानात जाऊन उभा राहिलो आणि गरज नसताना कोकम सरबत घेतलं.

४१
देव पश्चिमेला तोंड करून. समोर समुद्र, पायऱ्यांच्या खाली भरती. सहाला दहा कमी. पाणी सकाळी मुरूडला होतं तिथेच पुन्हा आलेलं.
दिवसभरात समुद्राकडे पाहत स्वस्थ बसलो ते इथेच. अकरा मिनिटं. मग भूक लागली.

४२
जेवण: भात, आमटी, दोन मोदक, पुन्हा भात, पुन्हा भात. वाढपी चौथ्यांदा आला तो भाताचं पातेलंच घेऊन.

४३
रात्री घरी फोन. "कसा झाला प्रवास?"
"छान."
"काय काय पाहिलंस?"
"म्हैस."

४४
सोल्युशनची नवी नळी घेतली. दुकानदाराकडे पंक्चरचं नव्हतं. चपला चिकटवायचं होतं. चालतं.

४५
उद्या आरे-वारेवरून रत्नागिरी. २५ किलोमीटर, सडे दोन, केळी दोन. नवमी आहे. भरती पावणेसातला.